वही, वीज, बेगमी आणि परडं: कोल्हापुरातल्या घराची काटकसर, क्रमाने

काटकसरीचे सल्ले ढिगानं मिळतात. त्यातला एक म्हणजे मोबाइलचा चार्जर बोर्डातून काढून ठेवा, बिल कमी येतं. हल्लीचा रिकामा चार्जर महिनाभर लावून ठेवला तरी जेवढी वीज खातो, त्याहून जास्त गीझर दहा मिनिटांत खातो. म्हणून काटकसरीला क्रम लागतो. रोज आणि मोठं काय जातंय ते आधी शोधायचं, तिथं हात घालायचा, आणि मग वेळ उरला तर बारीकसारीक बघायचं. खाली मी त्याच क्रमानं लिहिलंय. परड्याबद्दल, म्हणजे घरामागच्या बागेबद्दल, जरा लांबण लागेल, कारण तिथं पैसे वाचवायला जाऊन पैसे घालवणारे लोक फार आहेत.

आधी वही

महिनाभर फक्त लिहायचं, बाकी काही बदलायचं नाही. किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, बाहेरचं खाणं, आणि इतर. एवढे रकाने पुरतात. त्यांच्याशेजारी एक जास्तीचा रकाना आखा: 'टाकलं'. अर्धी कोथिंबिरीची जुडी, नासलेलं दूध, बुरशी आलेला पाव, फ्रीजच्या तळाशी काळी पडलेली काकडी, जे टाकलं ते तिथं लिहायचं. किंमत लिहिली नाही तरी चालेल. महिन्याअखेरीला खर्चाच्या रकान्यांपेक्षा हाच रकाना जास्त बोलका निघतो. पुढं बाजारात काय कमी घ्यायचं आणि परड्यात काय लावायचं, दोन्ही त्याच्यावरूनच ठरतं.

वीज: वरच्या टप्प्यातलं युनिट आधी

महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात. १०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महागली, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. पहिल्या शंभराला पहिलाच दर लागतो, त्याच्या पुढच्यांना पुढचा. म्हणजे तुम्ही जे युनिट वाचवता, ते तुमच्या बिलातलं सगळ्यात महागाचं युनिट असतं. महिन्याला २४० युनिटं जाळणाऱ्या घरानं ३० वाचवली, तर ती तिसांच्या तीस दुसऱ्या टप्प्याच्या दरानं वाचतात.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो बघा. उन्हाळ्यात फुगत असेल तर पंखे, कूलर किंवा एसी. थंडीत आणि पावसाळ्यात फुगत असेल तर गीझर. मग एकेक उपकरण घ्या. हिशोब सोपा आहे: वॉट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट.

२००० वॉटचा गीझर रोज अर्धा तास तापला तर महिन्याला ३० युनिटं. तो चालू करून विसरणं हीच खरी गळती. एकापाठोपाठ एक अंघोळी उरकल्या तर पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही. घरात पाच-सहा माणसं असतील आणि गच्ची आपली असेल, तर सौर बंबाचा विचार आधी करावा, नवा गीझर नंतर.

साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला सुमारे १६ युनिटांचा फरक पडतो. पण घरातले सगळे पंखे एकदम बदलायला जाऊ नका. जो रात्रंदिवस फिरतो तो बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू दे. आणि पंखा नुसता मंद झाला असेल तर त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. किरकोळ पैशांचं काम, त्यासाठी नवा पंखा घेऊ नये.

फ्रीज चोवीस तास लावलेला असतो, म्हणून त्याच्याकडं जरा लक्ष द्या. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर ढिलं झालंय आणि गार हवा बाहेर पडतेय. फ्रीज भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढं ओढा. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स मात्र चार्जरसारखा निरुपद्रवी नाही. रिमोटनं बंद केला तरी तो जागाच असतो. दहा वॉट धरले तर महिन्याला सात युनिटं. बटण भिंतीवरून बंद करायचं.

छतावर सौर पॅनेल बसवायचं म्हणत असाल तर आधी वरचं सगळं करा आणि मग घटलेल्या वापरावर पॅनेलचा आकार ठरवा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,०००, आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे. एक किलोवॉट चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिटं देतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्यात बरीच घट धरा. आणि शेजारच्या नारळाची सावली दुपारी कुठं पडते, ते पॅनेलवाल्याला बोलावण्याआधी स्वतः गच्चीवर उभं राहून बघा.

गॅस

१४.२ किलोचं सिलिंडर लावलं की त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. किती दिवस पुरतं ते कळल्याशिवाय वाचलं का ते कळणार नाही. ज्योत पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं की बर्नर घाण झालाय. सुईनं भोकं मोकळी करा.

कडधान्य आदल्या रात्री भिजवलेलं असलं की शिट्ट्या निम्म्यावर येतात. हरभरा आणि राजमा यांत हा फरक ठळक दिसतो. कुकरला एकदा दाब धरला की आच बारीक करायची. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात म्हणून शिजणं लवकर होत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरात, वेगवेगळ्या डब्यांत. दूध आणि भाज्या फ्रीजमधून काढून थेट गॅसवर ठेवू नका.

ज्यांना मागं मोकळी जागा आहे, त्यांच्याकडं अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब अजून पेटतो. करवंट्या, झावळ्या, वाळकी फांटी, शेणी, काहीही चालतं. प्लॅस्टिक आणि रंग दिलेली फळकुटं मात्र घालायची नाहीत. धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जात असेल तर हा उद्योग करू नये. बंबाची राख चाळून डब्यात भरा: भांड्यांना चालते, आणि परड्यात तर तिचं काम आहेच.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. गॅसची नळी, वायरिंग आणि अर्थिंग. नळीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटली की बदलायची, चांगली दिसत असली तरी.

बेगमी: काय भरायचं आणि काय नाही

वर्षाचं सगळं भरून ठेवलं की स्वस्त पडतं, हे अर्धंच खरं आहे. टिकणारं तेवढंच भरावं.

चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, भरावी. नवी मिरची बाजारात आली की उन्हाळ्यातच लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मिरची घ्यायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. कडक ऊन दाखवायचं, देठ खुडायचे, मसाले भाजायचे आणि डंकावरून कुटून आणायचं. तयार पाकिटाच्या मानानं पैसे तर वाचतातच, शिवाय आपल्या घराला सोसेल तेवढंच तिखट करता येतं. कांदा-लसूण चटणीत कांदा नीट वाळवून, तेलात खरपूस तळून घातला नाही तर पावसाळ्यात तिला वास येतो. बरणी कोरडी ठणठणीत, वर हिंगाचा खडा, आणि रोजच्या वापराला वेगळी छोटी बरणी. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची.

गूळ भरावा. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात, तेव्हाच घ्यायचा. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, जास्त पैसे देऊन घेण्यात काही अर्थ नाही, तांबूस-काळसर गूळ चवीला चांगला असतो आणि रंग उजळायच्या खटपटीतून सुटलेला असतो. पावसाच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला नाही तर दमट हवेत तो पाघळतो.

गहू आणि तूरडाळ उन्हात चांगली तापवून, गार झाल्यावर, कोठीत भरायची. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावतात. गव्हात वाळलेला कडुलिंबाचा पाला. ओला पाला घातलात तर उलट बुरशी येईल.

शेंगदाणे, खोबरं, तीळ, रवा, बेसन यांची मात्र वर्षाची बेगमी करू नये. तेलकट जिन्नस खवट होतो आणि रव्यात अळी पडते. स्वस्त म्हणून पाच किलो दाणे आणायचे आणि दोन किलो टाकायचे, म्हणजे ते महागच पडले.

रोजच्या भाजीचं सांगायचं तर, रविवारच्या लक्ष्मीपुरी बाजारात संध्याकाळी भाव उतरतात, पण तेव्हा पालेभाजी मलूल झालेली असते. बटाटा, कांदा, भोपळा, कोबी संध्याकाळी घ्या. पालेभाजी सकाळी आणि दोन दिवसांपुरतीच.

आणि मग टाकून द्यायचं ते. दोडका सोलताना शिरा फेकू नका. दोन दोडक्यांच्या शिरा बारीक चिरायच्या, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. ओलसर राहिल्या तर चटणी दोन दिवसांत खराब होते. त्यातच शेवटी तीळ, लसणाच्या चार पाकळ्या, सुकी मिरची. गार झाल्यावर भाजलेले दाणे आणि मीठ घालून जाडसर कुटायचं. भाकरीबरोबर भाजीची गरज लागत नाही. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, शिळी भाकरी कुस्करून कांद्याच्या फोडणीत, म्हशीच्या दुधाची साय विरजून लोणी आणि तूप, लोणी काढून उरलेलं ताक कढीला. तसं बघायला गेलं तर तांबडा-पांढरासुद्धा काटकसरीचाच स्वयंपाक आहे: मटण एकदाच शिजवायचं आणि त्याच्या एका अळणीतून दोन रस्से काढायचे. हॉटेलात त्याच ताटाला किती मोजतो, ते वहीत लिहून बघावं.

परडं

आता मुख्य गोष्ट. परसबागेतून पैसे वाचतात का? रंगीत कुंड्या, पाकिटातली माती, कोकोपीटच्या विटा, द्रवखताच्या बाटल्या आणून बाग केली, तर पहिली काही वर्षं टोमॅटो सोन्याच्या भावानं पडतो. दोन नियम धरले तरच हिशोब बसतो. बागेला विकत काही आणायचं नाही, बियाणं सोडून. आणि बाजारात जे जास्त घ्यावं लागतं व थोडंसंच लागतं, तेच लावायचं.

वहीतला 'टाकलं' रकाना इथं काढा. कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, पुदिना, आलं, गवती चहा, लिंबू. चहाला दोन पात्या गवती चहा हव्या असतात आणि जुडी घ्यावी लागते. हे दारात असलं की बाजारातली किरकोळ खरेदी बंद होते. कांदा, बटाटा, कोबी छोट्या जागेत लावू नका. जागा महिनोन् महिने अडते आणि निघतं दोन किलो. जागा बरी असेल तर शेवगा, पपई, केळ, अळू आणि मांडवावर एक दोडका. यांची फार निगा लागत नाही.

ऊन आधी बघा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला परड्यात किंवा गच्चीवर ऊन कुठं आहे, ते खडूनं खूण करून ठेवा. मिरची, टोमॅटो, वेल यांना पाच-सहा तास ऊन लागतं. पुदिना, अळू, आलं अर्ध्या सावलीत येतं.

भांडी: तेलाचे १५ किलोचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटकी घमेली, तांदळाची प्लॅस्टिकची पोती. तळाला पाच-सहा भोकं, त्यावर विटेचे तुकडे किंवा करवंट्या पालथ्या. पत्र्याच्या डब्याच्या कडा ठोकून घ्या, हात कापतात. गच्चीवर डबे थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवले म्हणजे खाली ओल धरत नाही. गळकी गच्ची दुरुस्त करायला जो खर्च येतो, त्यात आयुष्यभराची भाजी येईल.

माती: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरचं खत, एक भाग बारीक केलेला पाचोळा. नुसती काळी माती डब्यात घालू नका, ती पाणी धरते आणि उन्हात दगड होते. तांबडी माती मिळाली तर निम्मी ती मिसळा.

खतासाठी झाकणाच्या दोन जुन्या बादल्या घ्या आणि बाजूंना भोकं पाडा. एक भरायची, दुसरी कुजायला ठेवायची. मूठभर ओला कचरा टाकला की दोन मुठी सुकं वर टाकायचं. सुकं म्हणजे पालापाचोळा, फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, किंवा उसाचं पाचट. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. शेतकरी ओळखीचा असेल तर पोतंभर मागून आणा, तो नाहीतरी कधी कधी पेटवूनच देतो. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा गुळाचं पाणी शिंपडलं की कुजणं लवकर धरतं. आठवड्याला काठीनं वरखाली करायचं. मूठभर घेऊन दाबून बघा: गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं, वास मारला, की सुकं कमी पडलंय. भुगा भुगा होऊन सांडला तर पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या मातीच्या वासाचं खत मिळतं. हाडं, शिजलेलं तेलकट अन्न घालायचं नाही, उंदीर येतात.

जीवामृत करायचं असेल तर घरापुरतं प्रमाण असं: २० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम काळा गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, वरून पोतं झाकायचं. दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. डब्यांना दहापट पाणी घालून द्या. हवा खेळली पाहिजे, म्हणून हवाबंद झाकण लावू नका.

वेळापत्रकात आपल्याकडं पावसाचंच राज्य असतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आळी करून दोडका, कारलं, भोपळा लावायची पद्धत आहे आणि ती बरोबर आहे, कारण झड लागायच्या आत वेल मांडवावर चढतो. शेवग्याची अंगठ्यापेक्षा जाड, तीन-चार फुटांची फांदी मृगाच्या पावसात रोवा. कमरेएवढी झाली की शेंडा मारा, नाहीतर शेंगा तोडायला आकडी लागेल. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तेव्हा वीजतारांखाली लावू नका. जुलै-ऑगस्टच्या झडीत मेथी-कोथिंबीर पेरू नये, रोपं मान टाकतात. तेव्हा डबे वळचणीला सरकवा. खतही तेव्हा देऊ नका, वाहून जातं. गणपती गेल्यावर, पाऊस ओसरला की पालेभाजी, वांगं, टोमॅटो, मिरची, सगळं सुरू करायचं. पुढं फेब्रुवारीपर्यंत परड्याचे सुगीचे दिवस.

कोथिंबिरीसाठी किराणातले धणे चालतात. चपलेखाली हलके रगडून दोन करायचे आणि रात्रभर भिजवून पेरायचे. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, म्हणून उकरून बघू नका. सगळी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक डबा. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. घेवडा, भेंडी, दोडका यांचं एक चांगलं फळ वेलावर किंवा झाडावरच वाळू द्यायचं, पुढच्या वर्षीचं बी झालं. संकरित पाकिटातलं बी पुढच्या वर्षी तसंच येईल याचा भरवसा नाही, म्हणून गावरान बी ओळखीच्यांकडून मागून घ्यावं.

पाणी: तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी डब्यांना. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी केळीला. पहिलं साबणाचं पाणी गटारातच जाऊ दे. उन्हाळ्यात मातीवर पाचटाचा चार बोटं थर घातला की रोज लागणारं पाणी दिवसाआड लागतं. पावसाचं गणित कळलं की पिंपाची हाव सुटते: एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांची गच्ची, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तिच्यावर २० मिलिमीटरची एक सर झाली की नऊशे लिटर. थोडं वाया गेलं तरी सातशे हाताला लागतं. पण तोंडाला बारीक जाळी बांधलीच पाहिजे, नाहीतर डासांची पैदास.

मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरात फवारा, मग चाळलेली राख सकाळी दवावर. तेवढ्यानं भागलं नाही तर लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. पिठ्या ढेकणानं सगळं रोपच पांढरं केलं असेल तर ते उपटून लांब टाका. एका मिरचीसाठी सात डबे घालवू नयेत.

कपडे, चपला

जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊन एक पातेलं घेण्यापेक्षा वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्यावी. गावाकडं अजून शिवून देणाऱ्या बायका भेटतात. सिंथेटिक साड्या मात्र बोहारणीलाच, त्यांची वाकळ घामानं अंगाला चिकटते. लग्नकार्याची, देण्याघेण्याची खरेदी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात एकदम करावी. पण यादी लिहून जावं आणि यादीबाहेर काही घेऊ नये. घाऊक भावानं घेतलेली नको ती वस्तू नकोच असते.

कोल्हापुरी चपलेचं चामडं पाणी सोसत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत ती पुसून, एरंडेलाचा हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायची. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नका, तडकते. आत कागदाचे बोळे घालून सावलीत वाऱ्याला ठेवा आणि पुरती वाळल्यावर तेल द्या. शिवण उसवली की लगेच चांभाराकडून दोन टाके घालून घ्यायचे; तळ सुटेपर्यंत थांबलात तर तो दुरुस्तीऐवजी नवीन जोडाच दाखवेल.